आधी वजाबाकी: विसरभोळेपणा, नैराश्य आणि औषधांची एक पिशवी

रुग्ण ६९ वर्षांच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. राहणं सांगलीत. रक्तदाब आणि मधुमेह दहाएक वर्षांपासून. यजमान जाऊन दीड वर्ष झालेलं. घरात मुलगा, सून आणि चौथीतला नातू. गल्लीपासून बँकेपर्यंत सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, म्हणून इथेही बाईच म्हणते. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं आणि त्यांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सांगण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

मुलगा घरूनच ठरवून आला होता. "न्यूरोकडे दाखवलं, मानसोपचारवाल्यांकडेही दाखवलं. गोळ्यांनी काडीचा फरक नाही. सगळं बंद करून आता पूर्ण आयुर्वेद करूया." पुष्कळ कुटुंबं हे ठरवूनच आम्हा वैद्यांकडे येतात. त्यामागे वैताग असतो आणि आशाही असते, त्यामुळे त्याला तिथल्या तिथे नाही म्हणून चालत नाही. मी एवढंच म्हटलं की आज काहीच बंद करायचं नाही आणि सुरूही करायचं नाही. आधी बाईंना नीट बघू दे.

सुनेने सांगितलेली हकीकत जास्त उपयोगी होती. वर्षभरापासून चहा घेतल्यावर अर्ध्या तासात "चहा झाला का ग?" असं विचारणं. दोनदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि वास आल्यावर कळलं. भिशीचा हिशोब वर्षानुवर्षं बाईंकडे होता, तो त्यांनी स्वतःच दुसरीकडे दिला. भजनी मंडळ सुटलं. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मग त्या पलंगावर बसून राहतात. जेवण निम्म्यावर आलेलं, पोट चार-चार दिवस साफ नाही, आणि सात-आठ महिन्यांत पाच किलो वजन गेलेलं. आणखी एक गोष्ट सुनेने हळूच, मुलगा बाहेर गेल्यावर सांगितली. "आई अधूनमधून म्हणतात, आता पुरे झालं."

हे वाक्य ऐकून पुढे जायचं नसतं. बाईंना एकटीला बसवून मी सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का, कसा द्यायचा याचा विचार केलाय का. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही समजूत खोटी आहे. विचारलं की माणसाला बोलायला जागा मिळते. बाई म्हणाल्या, "तसं काही करणार नाही हो मी. पण सकाळी उठून करायचं काय, ते कळत नाही." बेत नव्हता, तयारी नव्हती. तरी सगळी औषधं त्याच दिवसापासून सुनेच्या कपाटात कुलपात ठेवायला सांगितली, मानसोपचारतज्ज्ञांना कळवलं आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मुलगा आणि सून दोघांच्याही फोनमध्ये घालून दिला.

न्यूरोफिजिशियनच्या कागदांवर स्मृतिचाचणीचे ३० पैकी २१ गुण होते. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईला २१ हे कमीच. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूत नव्या आठवणी टिपणारा भाग, थोडा आक्रसलेला आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भागात काही डाग. निदान लिहिलेलं: सुरुवातीचा अल्झायमर असण्याची शक्यता, सोबत नैराश्य.

चाचणीतला आकडा सगळे बघतात. उत्तरं कशी दिली गेली हे त्याहून बोलकं असतं. नैराश्यातला माणूस चटकन "माहीत नाही" म्हणून हात टेकतो. स्मृतिभ्रंशातला माणूस बहुधा काहीतरी उत्तर जुळवतो, झाकून नेतो. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर बाई ९३ म्हणाल्या, ८६ म्हणाल्या आणि थांबल्या. "मला आता काही येत नाही." गणित शिकवलेल्या बाईंचं हे उत्तर नैराश्याचं होतं. पण लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी एकही आठवला नाही. 'एक फळ होतं' अशी खूण दिल्यावर एकच आला. खूण देऊनही शब्द न येणं हे नैराश्यापलीकडचं असतं. म्हणजे दोन्ही होतं, एकात एक गुंतलेलं. दोहोंची लक्षणं एकमेकांवर चढतात, आणि म्हणूनच यातलं कमी करता येण्यासारखं काय आहे हे आधी शोधावं लागतं.

पिशवी

मी प्रत्येक वयस्क रुग्णाला घरातली सगळी औषधं घेऊन यायला सांगते. चालू असलेली, संपत आलेली, शेजारणीने दिलेली, उशीखाली ठेवलेली, सगळीच. बाईंची पिशवी साडीच्या दुकानाची होती, बंद नाडीवाली. टेबलावर उपडी केली तेव्हा निघालेलं असं:

रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन. मधुमेहाची मेटफॉर्मिन, दहा वर्षं चालू. न्यूरोफिजिशियनने दीड महिन्यापूर्वी सुरू केलेली, स्मृतीसाठीची डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम, रात्री. मानसोपचारतज्ज्ञांनी तीन महिन्यांपूर्वी दिलेली नैराश्याची एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम. इथवर सगळं कागदावर होतं.

कागदावर नसलेलं त्याखाली होतं. सर्पगंधा घनवटी, रात्री दोन, "झोपेसाठी आणि बीपीलाही चांगली" म्हणून वर्षाहून जास्त काळ दुकानातून आणलेली. स्मृतिसागर रस, नात्यातल्या कुणीतरी सुचवलेला. ब्राह्मीचं गोड टॉनिक, दोन चमचे सकाळ-संध्याकाळ, मधुमेह असूनही. आणि सर्दीच्या गोळीच्या तीन पट्ट्या, क्लोरफेनिरामीन असलेल्या. "नाक सारखं चोंदतं हो, रात्री एक घेतल्याशिवाय झोप नाही."

दोन्ही तज्ज्ञांना या चारांपैकी एकाचीही कल्पना नव्हती. त्यांनी विचारलं नाही असं नाही. "दुसरं काही चालू आहे का?" असं विचारलंच होतं. घरच्यांच्या लेखी आयुर्वेदिक गोळी म्हणजे औषध नव्हे, म्हणून उत्तर आलं, "नाही."

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा त्या सर्पगंधेत होता.

सर्पगंधा ही खरीखुरी, ताकदीची वनस्पती आहे. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिचा रक्तदाबावर आणि उन्मादावरचा उपयोग लिहून ठेवला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि जगभरचे डॉक्टर ती वापरू लागले. १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होताना दिसले, आणि नैराश्याचा मेंदूतल्या संदेशवाहक रसायनांशी, सेरोटोनिन-नॉरॲड्रेनालिनशी संबंध असावा या विचाराला तिथून बळ मिळालं. हा दुवा वाटला तितका पक्का नाही असं म्हणणारेही नंतर पुढे आले. पण नैराश्य असलेल्या माणसाला रेसर्पिन देऊ नये ही सूचना कायम राहिली, आणि ती पाळण्यातच शहाणपण आहे.

रेसर्पिन चेतापेशींतला सेरोटोनिनचा साठाच रिकामा करतं. एस्सिटालोप्रॅमचं काम असतं तेच सेरोटोनिन पेशींच्या मधल्या जागेत जास्त वेळ टिकवून धरण्याचं. वरून रांजण भरत राहायचं आणि बुडाला भोक, अशी गत. तीन महिने गोळी घेऊन "काडीचा फरक नाही" यात नवल ते काय?

त्याच वटीच्या बाटलीवरच्या यादीत खुरासानी ओवा होता. ग्रंथातल्या पाठातही सर्पगंधेसोबत खुरासानी ओवा, जटामांसी, भांग आणि पिंपळमूळ आहेत. खुरासानी ओव्यात हायोसायमीन आणि हायोसीन असतात. ही द्रव्यं मेंदूत स्मृतीसाठी लागणाऱ्या एका रसायनाचा, अ‍ॅसिटिलकोलीनचा मार्ग अडवतात. डोनेपेझिल दिली जाते ती तेच अ‍ॅसिटिलकोलीन टिकावं म्हणून. दोन्ही एकाच रात्री, एकाच पेल्यातल्या पाण्याबरोबर घेतली जात होती.

आता ते चोंदलेलं नाक. नाक चोंदणं हा रेसर्पिनचा जुना, सर्वपरिचित दुष्परिणाम आहे. नाक चोंदलं म्हणून सर्दीची गोळी आली. क्लोरफेनिरामीनही अ‍ॅसिटिलकोलीनला अडवते. त्याने विसरणं वाढलं, तोंड कोरडं पडलं, बद्धकोष्ठ वाढलं. विसरणं वाढलं म्हणून स्मृतिसागर रस आला, ब्राह्मीचं टॉनिक आलं, आणि शेवटी डोनेपेझिल आली. एका झोपेच्या गोळीपासून निघालेली ही साखळी. तिच्यातल्या प्रत्येक टप्प्यावर घरच्यांनी काळजीपोटीच पाऊल उचललेलं होतं.

बाईंच्या नाडीचे ठोके मिनिटाला ४८ भरले. डोनेपेझिलने नाडी मंदावते, रेसर्पिननेही मंदावते, आणि ब्राह्मीचा गुणही त्याच दिशेचा आहे. तिन्ही एकत्र आले तर चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. महिनाभरापूर्वी बाई न्हाणीघरात पडल्या होत्या. ते "पाय घसरला" म्हणून सोडून दिलं गेलं होतं.

स्मृतिसागर रसाबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. त्यात पारा, गंधक, हरताळ, मनःशिळा आणि ताम्रभस्म असतं. हरताळ आणि मनःशिळा ही आर्सेनिकची संयुगं. शोधन-मारण, म्हणजे शुद्धी आणि भस्म करण्याची प्रक्रिया, नीट झालेलं रसौषध (पारा-खनिजांचं औषध) अनुभवी वैद्याने, मोजक्या काळासाठी, योग्य रुग्णाला देणं हा एक भाग. मधुमेहाने मूत्रपिंडं आधीच थकत चाललेल्या ६९ वर्षांच्या बाईंनी कुणी सांगितलं म्हणून ते महिनोन्महिने घेणं हा अगदी निराळा भाग. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक-पंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आपल्याकडच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या अनुसूची ई(१) मध्ये पारा, हरताळ, मनःशिळा, भांग आणि खुरासानी ओवा या सगळ्यांची नोंद विषारी द्रव्यं म्हणून आहे, आणि अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. बाईंच्या बाटलीवर ती होती, पण अक्षरं इतकी बारीक की भिंग लावून वाचावी लागली.

तिघांचं एकमत

त्याच संध्याकाळी न्यूरोफिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांशी फोनवर बोलणं झालं आणि मग पूर्ण यादी लेखी पाठवली. दोघांनीही मोकळेपणाने ऐकलं. वैद्य आणि डॉक्टर यांच्यात जो अबोला असतो त्याची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून हा फोन मी उपचाराचाच भाग धरते. ठरलं असं: सर्पगंधा, स्मृतिसागर, टॉनिक आणि सर्दीची गोळी बंद. रक्तदाब रोज मोजून वहीत लिहायचा, वाढला तर फिजिशियन बघतील. डोनेपेझिल ५ वरच ठेवायची, ईसीजी काढून. आणि रक्त तपासायचं.

रक्ताने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. बी-१२ बरंच कमी, १४२. दहा वर्षांची मेटफॉर्मिन आणि जन्माचा शाकाहार, दोन्हींनी बी-१२ घटतं आणि त्याने विसरणं, उदासी, तळव्यांना मुंग्या हे सगळं येऊ शकतं. दुसरं, सोडियमही कमी, १३०. म्हातारपणी एस्सिटालोप्रॅमसारख्या औषधांनी सोडियम उतरतं, आणि उतरलेलं सोडियम माणसाला सुस्त आणि गोंधळलेला करतं. थायरॉइड ठीक, यकृत ठीक, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किंचित वर.

बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्रॅम टप्प्याटप्प्याने थांबवून रात्रीची मिर्टाझापिन दिली, कमी मात्रेत. तिने सोडियमला धोका कमी, आणि झोप व भूक दोन्हींना मदत होते. स्मृतिभ्रंशातल्या नैराश्यावर या गोळ्यांचा प्रभाव मर्यादित असतो हे त्यांनीच मुलाला समजावलं. २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश अभ्यासात अल्झायमरसोबतच्या नैराश्यात सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन दोन्ही नुसत्या साखरगोळीपेक्षा सरस ठरल्या नव्हत्या. म्हणून गोळीवर सगळा भार टाकायचा नव्हता.

कानही तपासले. एका कानात मळाचा दगड झालेला आणि दोन्ही कानांना वयानुसार बहिरेपण. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके मांडले, त्यांत ऐकू कमी येणं आहे आणि नैराश्यही आहे. बाई "लक्ष देत नाहीत" असं घरात म्हटलं जायचं, त्यातलं थोडंफार नुसतं ऐकू न येणं होतं. कान साफ झाला, यंत्र आलं.

औषधाविना आयुर्वेद

पहिले सहा आठवडे मी पोटात घ्यायचं एकही आयुर्वेदिक औषध दिलं नाही. मुलगा नाराज झाला. "मग आम्ही तुमच्याकडे कशाला आलो?" असं तो स्पष्टच म्हणाला. त्याला हवं होतं एकवीस दिवसांचं पंचकर्म, कुठल्याशा केंद्राचं माहितीपत्रकही हातात होतं. वजन घटलेल्या, सोडियम उतरलेल्या, नुकत्याच पडलेल्या बाईंना वमन-विरेचन, म्हणजे ओकारी आणि जुलाब करवणारे पंचकर्माचे उपचार, देणं आयुर्वेदाच्याच नियमांत बसत नाही. बल पाहून असं शोधन (शरीरशुद्धी) करावं हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात.

चरकांनी चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले: दैवव्यपाश्रय (मंत्र-पूजा), युक्तिव्यपाश्रय (औषध-आहार) आणि सत्त्वावजय. तिसरा मनाचा. अहिताकडे धावणाऱ्या मनाला आवरून धरणं अशी त्याची व्याख्या आहे. आणि अग्र्यसंग्रहात, म्हणजे आपापल्या गटात अग्रेसर असलेल्या गोष्टींच्या यादीत, त्यांनीच लिहिलंय, 'विषादो रोगवर्धनानाम्', म्हणजे रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषाद सगळ्यांत पुढे. आपल्या शास्त्राचा हा भाग दुकानात बाटलीत मिळत नाही, म्हणूनच बहुधा तो विसरला जातो.

दिनचर्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावली. पहाटे जाग आली तर पडून राहायचं नाही, उठून दिवा लावायचा, कोमट पाणी प्यायचं. साडेसहाला सुनेबरोबर आमराईत चालणं, उन्हात. साडेबाराला जेवण, साडेसातच्या आत रात्रीचं. चार वाजल्यानंतर चहा नाही. रात्री मुगाची खिचडी किंवा भाकरी आणि शिजवलेली भाजी, वर चमचाभर तूप. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको.

रात्रीचं काम मात्र खास होतं. काशाची वाटी. सून बाईंना पलंगावर बसवायची, पाय मांडीवर टॉवेलवर घ्यायची, तळव्याला खोबरेल लावायची आणि वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांकडे, बोटांकडून टाचेकडे हलक्या हाताने घासायची. एका पायाला दहा मिनिटं. तेल राखाडी होत जायचं. मग बेसनाने तळवे पुसायचे, कोमट पाण्याच्या फडक्याने परत पुसायचे, मोजे घालायचे, आणि मगच पाय जमिनीला. हा शेवटचा भाग मी दोनदा समजावला, कारण तेलकट तळव्यांनी फरशीवर उतरणं म्हणजे खुब्याच्या हाडाला आमंत्रण. तळव्यांच्या या मालिशीने, पादाभ्यंगाने, स्मृती परत येते असा माझा दावा नाही. त्या वीस मिनिटांत मोबाइल बाजूला असायचा, बाई बोलायच्या. यजमानांच्या आजारपणाबद्दल त्या पहिल्यांदा इथेच बोलल्या, सुनेशी. दीड वर्षात हे बोलणंच झालं नव्हतं.

मानसोपचारतज्ज्ञांकडच्या समुपदेशक ताईंनी रोज एक ठरलेलं काम द्यायला सांगितलं, मनाला वाटो न वाटो. ते काम नातवाने मिळवून दिलं. त्याचे पाढे कच्चे होते. बाई त्याला घेऊन बसू लागल्या. एकोणतीसपर्यंतचे पाढे त्यांच्या तोंडून धाडधाड यायचे, पावकी-निमकीही, मध्ये कुठे अडखळल्या तर मागे जाऊन स्वतःच धरायच्या. आणि त्याच बाईंना सकाळची गोळी घेतली का हे दहा वाजता सांगता यायचं नाही. लहानपणी घोकलेलं खोल गेलेलं असतं, नवं टिपणारी जागा मात्र आजारात आधी दुबळी होते. जे खोल आहे त्यावर दिवस उभा करायचा आणि जे दुबळं आहे ते वहीवर, डबीवर सोपवायचं, असं आम्ही ठरवलं. आठवड्याच्या खणांची गोळ्यांची डबी आणली. बाईंना आठवण करून देण्याऐवजी डबी बघायची सवय लावली, कारण "घेतली का, घेतली का" या विचारण्याने त्या खचत होत्या.

सहा आठवड्यांनी नाडी ५८. सोडियम १३७. नाक मोकळं. पोट दिवसाआड साफ. पहाटेची जाग पाचवर आलेली. नैराश्याच्या १५ प्रश्नांच्या मापनावर ११ होते ते ६ झाले. स्मृतिचाचणी न्यूरोफिजिशियननी परत घेतली: २१ चे २५.

चार मेध्य रसायनं

आता मुलगा म्हणाला, "आता तरी काही द्या." रास्त होतं. चरकांनी मेध्य रसायनं, म्हणजे बुद्धी आणि स्मृतीला बळ देणारी औषधं, चार सांगितली: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला लगदा). त्यांतही शंखपुष्पी विशेष मेध्य. एकेक बाईंच्या कागदांसमोर धरून बघितली.

ज्येष्ठमध बाद. त्यातल्या ग्लिसिऱ्हायझिनने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. रक्तदाब असलेल्या, मंद नाडीच्या बाईंना नकोच.

गुळवेल बाद. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताची इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद मिटेपर्यंत मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या वयस्क माणसाचं यकृत मी पणाला लावत नाही.

शंखपुष्पीवर मन रेंगाळलं. पण बाजारात त्या नावाखाली निरनिराळ्या वनस्पती येतात, आणि तयार सिरप म्हणजे साखर. शिवाय मुंबईच्या केईएममधल्या संशोधकांचा १९९२ चा निबंध आठवतो: फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांना शंखपुष्पीची तयार औषधी दिल्यावर फेनिटॉइनची रक्तातली पातळी घसरली आणि आवरलेल्या फिट परत आल्या. बाईंना फिट नाहीत. पण वनस्पती आधुनिक औषधाचं काम बिघडवू शकते याचा इतका स्वच्छ पुरावा घरच्या घरी असताना गाफील राहता येत नाही.

उरली मंडूकपर्णी. कुंडीतली ती गोल पानांची, जिला आपल्याकडे पुष्कळ घरांत ब्राह्मीच म्हणतात. बारीक मांसल पानांची जलब्राह्मी वेगळी. जलब्राह्मीवर निरोगी वयस्कांमधले काही लहान प्रयोग आशादायक आहेत, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिचा प्रमाणित अर्कही तयार केला. पण प्रत्यक्ष अल्झायमरच्या रुग्णांतला पुरावा तोकडा आहे, आणि डोनेपेझिलबरोबर ती नाडी आणखी मंदावेल ही भीती. म्हणून मंडूकपर्णी चूर्ण, १ ग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन महिन्यांची मुदत घालून. यकृताची तपासणी सुरुवातीला, परत सहा आठवड्यांनी. दोन्ही तज्ज्ञांना लेखी कळवून.

अश्वगंधेबद्दलही विचारणा झाली, ती आता सगळीकडे आहे. तिने गुंगी येते आणि मिर्टाझापिनचीही गुंगी असते, थायरॉइडचे आकडे हलतात, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांतून आल्या आहेत आणि डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. तरुण, ताणाने झोप उडालेल्या माणसाला मी ती देते. बाईंना नाही.

थंडी ओसरल्यावर आठवडाभर शिरोधारा केली, म्हणजे कपाळावर कोमट तिळतेलाची धार, अर्धा तास. संपल्यावर आधी कुशीवर, मग बसवून पाच मिनिटं, मग दोघींनी धरून उभं. त्या दिवसांत बाईंना गाढ झोप लागली. यापलीकडे मी त्यातून काही काढत नाही.

आकडे काय सांगतात

तीन महिन्यांनी यकृत ठीक, नाडी ५६, नैराश्याचं मापन ५. स्मृतिचाचणी २५, म्हणजे होती तिथेच.

मुलाने ते चूर्ण लागू पडलं असं मानलं होतं. मी कागद पुढे ठेवले. २१ चे २५ झाले ते मंडूकपर्णी सुरू होण्याआधी. सर्पगंधा आणि सर्दीची गोळी गेली, बी-१२ आलं, सोडियम सुधारलं, झोप आली, कान उघडले, या सगळ्यात. त्यांतल्या कशाने किती, हे वेगळं काढता येणार नाही, कारण बाईंना थांबवून एकेक करून बघणं योग्य नव्हतं. पण चूर्णाने काही वाढवलं असं दाखवणारी एकही ओळ त्या कागदांत नव्हती. तेव्हा मुदत संपल्यावर ते बंद केलं. वैद्य असूनही, किंबहुना वैद्य आहे म्हणूनच, हे मला लिहावंसं वाटतं. आपल्या औषधाला फुकटचं श्रेय घ्यायची सवय लागली की त्याचा खरा उपयोग कुठे आहे हे शोधायची गरजच वाटेनाशी होते.

आयुर्वेदाचा उपयोग या प्रकरणात झाला, आणि मोठा झाला. घनवटीत खुरासानी ओवा असतो हे वैद्याला ठाऊक असतं. स्मृतिसागरातली हरताळ, रसायनांच्या मर्यादा, शोधन कुणाला नको, हे त्याला ठाऊक असतं. न्यूरोफिजिशियनने ती बाटली पाहिली असती तरी त्यावरचं संस्कृत नाव त्याला काही सांगणार नव्हतं. वयस्क माणसाच्या पिशवीतलं आयुर्वेदिक काय काढून टाकायचं हे आम्हीच सांगू शकतो, आणि ते सांगणं आमचं काम आहे.

पहिल्या भेटीला आता वर्ष होऊन गेलं. शेवटची चाचणी २३. आजार आहे आणि तो पुढे सरकतो आहे, हे न्यूरोफिजिशियननी बाईंसमोरच, त्यांच्याकडे बघून सांगितलं. बाईंनी विचारलं, "किती वर्षं नीट असेन?" त्यांनी खोटा आकडा दिला नाही. बाईंनी मग स्वतःहून बँकेतली नावं, मृत्युपत्र आणि पुढे उपचार कसे हवेत याबद्दल मुलाशी बोलणं काढलं. आत्ता समज शाबूत असताना हे कागद झाले, ही मोठी गोष्ट आहे.

गॅसला आपोआप बंद होणारी झडप बसवली आहे. भिशीचा हिशोब परत बाईंकडे आला नाही, येणारही नाही. भजनी मंडळात गुरुवारी जातात, पदं वहीत बघून म्हणतात. डोनेपेझिल १० वर न्यायची का याचा निर्णय पुढच्या ईसीजीनंतर व्हायचा आहे. माझ्याकडून सध्या काशाची वाटी, जेवणाच्या वेळा आणि दर भेटीला पिशवी उपडी करणं एवढंच चालू आहे. गेल्या वेळी त्यात कुणीतरी परदेशातून पाठवलेली, स्मृतीसाठी घेतात त्या गिंको वनस्पतीची बाटली निघाली. २००८ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात तीन हजारांवर वयस्कांना वर्षानुवर्षं गिंको देऊनही स्मृतिभ्रंश टळला नव्हता, आणि रक्त पातळ होण्याचा धोका वेगळाच. ती बाजूला काढली.

सुनेची कंबर धरू लागली आहे, आणि तिला आठवड्यातून दोन दुपारी तरी मोकळ्या मिळायला हव्यात. मुलाने शनिवार घेतला आहे. दुसऱ्या दुपारसाठी ओळखीतल्या एक निवृत्त परिचारिका यायला तयार आहेत, त्यांच्याशी पैशांचं बोलणं चालू आहे.